घरी बनवलेल्या प्रीअँपमधून 'घूंऽऽ' का येतं? अर्थची पिन काढण्याआधी हे तपासा

लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून प्रीअँपचं किट आणलं, सोल्डर केलं, डबीत बसवलं. गाणं छान वाजतं. पण गाणं थांबलं की स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा आवाज येत राहतो. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'प्लगची अर्थची पिन काढून टाक'. बऱ्याचदा आवाज खरंच बंद होतो, म्हणून हा सल्ला टिकून आहे. मात्र त्याच वेळी धातूच्या डबीचं संरक्षणही जातं. पुढे कधी ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन खराब झालं किंवा फेजची वायर सुटून डबीला टेकली, तर व्हॉल्यूमच्या नॉबला हात लावणाऱ्याला २३० व्होल्टचा शॉक बसू शकतो. आवाज घालवण्याचे दुसरे मार्ग आहेत. त्यासाठी तो कुठून येतोय हे आधी शोधावं लागतं.

आवाज ५० चा की १०० चा?

भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे. चार डायोडच्या ब्रिजमधून गेल्यावर डीसीवर उरणारी लहर मात्र १०० हर्ट्झची असते. त्यामुळे १०० हर्ट्झचा किंचित खरखरीत आवाज असेल तर संशय पॉवर सप्लायवर घ्यावा. ५० हर्ट्झचा खोल, गोल आवाज बहुतेक वेळा ग्राउंडिंगमधून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येतो. कानाला फरक कळत नसेल तर मोबाईलवरचं एखादं मोफत स्पेक्ट्रम ॲनालायझर ॲप स्पीकरजवळ धरा. एक अपवाद लक्षात ठेवा. ब्रिजमधला डायोड उघडा पडला असेल, तर पॉवर सप्लायचा आवाजही ५० चा होतो.

मग व्हॉल्यूम फिरवून पाहा. आवाज त्यासोबत कमी-जास्त होत असेल, तर दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या भागात आहे. काहीच फरक पडत नसेल तर त्याच्या पुढे. नंतर इनपुटची वायर काढा आणि सॉकेटची मधली पिन बाहेरच्या कडीला जोडून इनपुट शॉर्ट करा. एवढ्याने आवाज गेला, तर प्रीअँप ठीक आहे आणि दोष वायरमध्ये किंवा तिला जोडलेल्या उपकरणात आहे. (जोडकाम करताना पॉवर अँप बंद ठेवा, नाहीतर स्पीकरला धक्का बसतो.)

फक्त संध्याकाळी आवाज येतो?

हा प्रकार विचित्र वाटला तरी त्यामागचं गणित सोपं आहे. १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट एसी कपॅसिटरवर साधारण १६ व्होल्ट डीसी होतात. ७८१२ रेग्युलेटरला १२ व्होल्ट देण्यासाठी इनपुटला सुमारे २ व्होल्ट जास्त, म्हणजे १४ तरी लागतात. दिवसा सगळं नीट चालतं. संध्याकाळी घरातला व्होल्टेज १८० वर आला की कपॅसिटरवर जेमतेम साडेबारा उरतात. मग रेग्युलेटर लहर अडवू शकत नाही आणि ती थेट आवाजात उतरते. ९-०-९ ट्रान्सफॉर्मर लावला असेल, तर हे दिवसभर होणार. अशा वेळी १५-०-१५ लावा. रेग्युलेटर थोडा जास्त तापेल, पण प्रीअँप फार करंट घेत नाही.

कपॅसिटरही पुरेसा हवा. १०० मिलीअँपिअर करंटला १००० मायक्रोफॅरडवर जवळपास १ व्होल्टची लहर उरते, २२०० वर ती निम्म्याहून कमी होते.

नवशिक्यांची सर्वाधिक फसगत ७९१२ बसवताना होते. ७८१२ च्या पिना इनपुट, ग्राउंड, आउटपुट अशा क्रमाने असतात, तर ७९१२ च्या ग्राउंड, इनपुट, आउटपुट. शिवाय ७८१२ ची धातूची पाठ ग्राउंडला जोडलेली असते आणि ७९१२ ची इनपुटला. दोन्ही एकाच हीटसिंकवर अभ्रकाच्या पत्रीशिवाय कसले, तर निगेटिव्ह सप्लाय शॉर्ट झालाच म्हणून समजा.

'ग्राउंड म्हणजे ग्राउंड' हा गैरसमज

सर्किटच्या नकाशात ग्राउंडचे सगळे बिंदू एकच दिसतात, प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये वायर असते. १० सेंटिमीटर लांब, अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरचा रोध सुमारे साडेतीन मिलीओहम असतो. कपॅसिटर चार्ज होताना तिच्यातून १ अँपिअरचा झटका गेला, तर साडेतीन मिलीव्होल्ट तयार होतात. रेकॉर्ड प्लेयरच्या पिनमधून येणारा सिग्नलच साधारण ५ मिलीव्होल्टचा असतो!

म्हणून ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप आधी कपॅसिटरवर न्या आणि सर्किटचं ग्राउंड कपॅसिटरच्या पुढून घ्या, मधूनच नको. इनपुट, आउटपुट आणि सप्लायच्या ग्राउंड वायर एका बिंदूवर आणा. व्हॉल्यूमच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर आवाज कमी होत असेल, तर ते अंग ग्राउंडला जोडलेलं नाही. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र लगेच प्लग काढा.

यानंतरही आवाज आला तर ट्रान्सफॉर्मर जागेवरच थोडा फिरवून बसवा, अर्थात प्लग काढून. कपॅसिटर कितीही वाढवले तरी चुंबकीय क्षेत्राचा आवाज जात नाही.

लॅपटॉप जोडल्यावरच आवाज आला तर?

लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून पाहा. आवाज गेला, तर बहुधा ग्राउंड लूप आहे. प्रीअँप आणि चार्जर दोघांनाही अर्थ असते आणि ऑडिओ केबलमुळे त्यांचं वर्तुळ पूर्ण होतं. अशा वेळी केबलमध्ये ऑडिओ ट्रान्सफॉर्मरवाला ग्राउंड लूप आयसोलेटर लावा.

दुसरा मार्ग डबीच्या आत आहे. डबी अर्थला थेट, स्क्रूने जोडलेलीच ठेवा. सिग्नलचं ग्राउंड मात्र १० ओहमच्या रेझिस्टरमधून डबीला जोडा आणि त्या रेझिस्टरला समांतर, एकमेकांना उलटे असे दोन मोठे डायोड लावा. एरवी रेझिस्टर लूपचा करंट रोखतो, दोष झाल्यास डायोड तो अर्थकडे नेतात. इनपुटचे सॉकेट धातूच्या डबीला टेकले, तर हा खटाटोप वाया जातो.

अर्थच खोटी असेल, तर यातलं काहीही चालणार नाही. इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड तपासून घ्या. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट दिसायला हवेत. भार असतानाही नेमकं शून्य दिसलं, तर बोर्डात कुणी न्यूट्रल आणि अर्थ वायरच्या तुकड्याने जोडून ठेवलेत का, हे उघडून पाहायला सांगा. अशा जोडणीत न्यूट्रल तुटला की डबीवरच फेज येते, आणि तोवर मल्टीमीटर सगळं ठीक असल्याचं दाखवत असतो.