संगमरवरी बेट आणि फोडणीचा प्रश्न

मागच्या वर्षी मावसभावाला फ्लॅट घ्यायचा होता, म्हणून आम्ही सगळे पुण्यात एक सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो. दार उघडलं की हॉल, आणि हॉलच्या टोकाला, कुठल्याच भिंतीला न टेकलेला, पांढऱ्याशुभ्र दगडाचा भला मोठा ठोकळा. त्यावर करड्या शिरा वीज चमकल्यासारख्या तिरक्या धावलेल्या. वर काचेच्या वाडग्यात सहा लिंबं, शेजारी तीन उंच स्टुलं. सेल्समधली मुलगी म्हणाली, "हा तुमचा आयलंड."

आईने दगडावरून हात फिरवला. मग विचारलं, "छान आहे. पण फोडणी कुठे द्यायची?"

मुलीने मागचं एक अरुंद दार सरकवलं. आत जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, शेगडी, खोल सिंक. "हे वेट किचन. रोजचा स्वयंपाक मावशी इथे करतील. बाहेरचं ड्राय किचन तुमच्यासाठी."

म्हणजे एकाच घरात दोन स्वयंपाकघरं. एक दाखवायचं, एक राबायचं. मला ती बिल्डरची आयडिया वाटली होती. आयलंडचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं की ही वाटणी बरीच जुनी आहे, आणि मधल्या काळात ती मोडायचे प्रामाणिक प्रयत्नही झाले होते.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधली मोठी घरं डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाकघर तळघरात किंवा मागच्या अंगाला, कारण वास आणि नोकर दोन्ही पाहुण्यांपासून लांब राहायला हवेत. त्याच्या मधोमध एक दणकट लाकडी टेबल, ज्याच्या चारही बाजूंनी बायका उभ्या राहून चिरायच्या, मळायच्या, सोलायच्या. आजच्या आयलंडचा पणजोबा तो हाच. संगमरवर तिथेही असायचा, पण शोभेला नाही. पेस्ट्रीचं पीठ लाटायला एक लादी ठेवलेली असायची, कारण हा दगड हाताला गार लागतो आणि पिठातलं लोणी पटकन वितळू देत नाही. आणि भांडी? त्यांच्यासाठी पलीकडे 'स्कलरी' नावाची ओली, कोंदट खोली. तिथे सगळ्यात लहान आणि सगळ्यात कमी पगाराची मुलगी. सॅम्पल फ्लॅटमधलं ते सरकतं दार उघडलं की आपण थेट तिथे पोचतो.

मग नोकर मिळेनासे झाले. पहिल्या महायुद्धानंतर तिकडच्या मुलींना कारखान्यांत आणि ऑफिसांत कामं मिळू लागली, आणि मध्यमवर्गीय घरातली बाई स्वतःच चुलीपुढे आली. अमेरिकेत नोकर नसलेल्या घराचा विचार आधीच सुरू झाला होता. कॅथरीन बीचर या बाईंनी १८६९ मध्ये बहिणीसोबत लिहिलेल्या पुस्तकात आगबोटीवरच्या स्वयंपाकघराचं उदाहरण दिलं होतं: थोडक्या जागेत सगळं हाताशी. (ती बहीण म्हणजे 'अंकल टॉम्स केबिन'वाली हॅरिएट बीचर स्टो.) पुढे १९१३ मध्ये क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी कारखान्यातल्या कामगाराच्या हालचाली मोजायचं तंत्र घरात आणलं आणि बाईची पावलं मोजली. भांडी इकडे, पाणी तिकडे, तर दिवसाकाठी किती चालणं होतं?

या सगळ्याचं टोक म्हणजे १९२६ मधलं फ्रँकफुर्ट किचन. मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की ही ऑस्ट्रियन वास्तुविशारद तेव्हा तिशीचीही नव्हती. युद्धानंतरच्या घरटंचाईत फ्रँकफुर्ट शहर कामगारांसाठी वसाहती बांधत होतं आणि त्या घरांचं स्वयंपाकघर तिच्याकडे आलं. जागा किती, तर १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे आपल्या हिशेबात साधारण सहा बाय अकरा फूट. तिने रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर नमुना म्हणून घेतलं. तांदूळ, साखर यांना ॲल्युमिनियमचे खण, ज्यांना ओतायला तोटी. बसून चिरता यावं म्हणून खिडकीपाशी फळी आणि फिरतं स्टूल. कचरा सरळ खाली ढकलता येईल असं खोबण. पलीकडच्या खोलीतल्या मुलांवर नजर राहावी म्हणून सरकतं दार. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आज आपण ज्याला 'मॉड्युलर किचन' म्हणून चकचकीत शोरूममध्ये हप्त्यावर विकत घेतो, त्याची आई हीच. बाई कम्युनिस्ट होत्या, नाझींच्या विरोधातल्या कामासाठी त्यांनी तुरुंगात वर्षं काढली, आणि वयाची १०२ वर्षं पूर्ण करून २००० साली गेल्या.

त्यांना खरंच वाटत होतं की बाईचा वेळ वाचला तर ती नोकरी करेल, वाचेल, मोकळी होईल. पण त्या खोलीत एकच माणूस मावत होता. आणि तो माणूस कोण, हे ठरलेलंच होतं. १९७०च्या दशकातल्या स्त्रीवादी अभ्यासकांनी यावर बोट ठेवलं: कष्ट कमी झाले असतील, पण बाई एकटी पडली, भिंतीकडे तोंड करून.

आपल्या घरांतही एक मोठा बदल झाला, त्याबद्दल आपण फार बोलत नाही. आपल्याकडे स्वयंपाक हे बसून करायचं काम होतं. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा जमिनीवर. बाई उभी राहिली ती ओट्यामुळे, आणि ओटा घरोघर पोचवण्यात गॅसचा वाटा मोठा. शेगडी सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर हवी, हा सुरक्षेचा साधा नियम. त्यामुळे सिलिंडर खाली, वर कडप्प्याची किंवा ग्रॅनाइटची लादी, आणि लादी अर्थातच भिंतीला चिकटवलेली. माझी आजी गॅस आल्यावरही बरेच दिवस भाकरी बसूनच थापायची. उभ्याने हात चालत नाही म्हणायची.

भिंत तोडायला सुरुवात केली ती अमेरिकेने. फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाने १९३०च्या दशकात बेताच्या बजेटची, नोकरांशिवाय चालणारी घरं बांधली. त्यांत स्वयंपाकघर बैठकीच्या खोलीला लागून उघडं ठेवलं आणि त्याचं नावच बदललं, 'वर्कस्पेस'. पुढे धूर ओढणारे पंखे आले, भांडी धुणारी यंत्रं आली, वास आणि पसारा आवरता येऊ लागला. आणि मग टीव्ही आला. १९६३ मध्ये ज्युलिया चाइल्ड यांचा 'द फ्रेंच शेफ' सुरू झाला. सहा फुटांहून उंच, घोगऱ्या उंच आवाजाची, हातून काही पडलं तर हसणारी ही बाई ओट्याच्या मागे उभी होती आणि तिचं तोंड आपल्याकडे होतं! कॅमेऱ्यासाठी ते करणं भागच होतं. पण स्वयंपाक करणाऱ्याने भिंतीकडे नाही, माणसांकडे बघायचं, हे चित्र घराघरांत असं पोचलं. पुढच्या काही दशकांत आयलंड अमेरिकन घराच्या मध्यावर येऊन बसला आणि वाढत गेला. आता नवल करण्यासारखी गोष्ट अशी, की तिथल्या महागड्या घरांत त्याच्या मागे पुन्हा एक छोटं स्वयंपाकघर बांधतात. खऱ्या पसाऱ्यासाठी. नावही जुनंच वापरतात, स्कलरी.

आता त्या दगडाकडे.

असा पांढरा, करड्या शिरांचा संगमरवर म्हटलं की नाव येतं इटलीतल्या कराराचं. तिथले डोंगर दुरून बर्फाचे वाटतात, तो दगडच आहे. जुन्या समुद्राच्या तळावरचा चुनखडक जमिनीच्या पोटात दाबला, तापला आणि त्याचा संगमरवर झाला. त्यात मिसळलेल्या मातीचा नि खनिजांचा मळ म्हणजे या शिरा. ज्याचे आपण जास्त पैसे मोजतो ती त्या दगडातली भेसळ आहे. रोमन लोक इथून दगड नेत. मायकेलएंजेलोने १५०५ मध्ये पोपच्या थडग्यासाठी दगड निवडायला इथे कित्येक महिने मुक्काम ठोकला होता. त्याचा डेव्हिडही याच दगडाचा.

डोंगरावरून हे ठोकळे खाली कसे येत? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाकडी ओंडक्यांवरून घसरवत. ओंडक्यांना साबण फासायचा, ठोकळ्याला दोर बांधायचे, वरच्या माणसांनी दोर हळूहळू सोडायचे आणि खालच्याने ठोकळ्याच्या पुढ्यात राहून मागचे ओंडके उचलून पुढे टाकायचे. दोर तुटला की पुढ्यातला माणूस संपला. या पद्धतीला 'लिझातुरा' म्हणतात. त्याच डोंगरातल्या कोलोनाता गावात खाणकामगारांचं एक खाणं होतं: डुकराची चरबी मीठ, लसूण, रोझमेरी लावून संगमरवराच्याच कुंडीत महिनोन्‌महिने मुरवायची आणि पावासोबत खायची. कष्टकऱ्यांची शिदोरी ती, आता जगभरच्या हॉटेलांत चैनीची वस्तू म्हणून मिळते. संगमरवर आणि स्वयंपाक यांचं मला सापडलेलं सगळ्यात खरं नातं ते हेच.

आणि आपल्या स्वयंपाकाशी? संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडलं की तो झिजतो. लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, दही, यांतला कुठलाही थेंब थोडा वेळ राहिला की तिथली चकाकी जाऊन धुरकट डाग उरतो. हळद तर आत मुरते. वाडग्यातली ती सहा लिंबं कापायला ठेवलेली नव्हती हे उघड आहे.

म्हणून हल्ली बरेचसे 'संगमरवरी' आयलंड संगमरवराचे नसतातच. दगडाची पूड आणि राळ एकत्र दाबून कृत्रिम क्वार्ट्‌झ बनवतात आणि त्यावर कराराच्या शिरांची नक्कल उतरवतात. डाग पडत नाही, लिंबू चालतं. पण यातल्या बऱ्याच लाद्यांत सिलिकाचं प्रमाण प्रचंड, कधी ९० टक्क्यांच्या वर. खऱ्या संगमरवरात ते अगदी थोडं असतं. ही लादी सिंकच्या मापाने कोरडी कापली की उडणारी बारीक धूळ कापणाऱ्याच्या फुप्फुसात बसते. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. इस्रायल, स्पेन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, सगळीकडे ऐन उमेदीतले कारागीर आजारी पडले. १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने या लाद्यांवर बंदी आणली, असं करणारा तो पहिला देश. आपल्याकडे राजस्थानात, जिथे वालुकाश्माच्या खाणींतल्या धुळीने हाच आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, २०१९ मध्ये सरकारने त्यासाठी वेगळं धोरण केलं. पण गल्लीतल्या फरशीच्या दुकानाबाहेर, तोंडाला रुमाल बांधून ग्राइंडर चालवणारा मुलगा तुम्हीही पाहिला असेल. पाण्याची धार सोडून कापलं तर धूळ खूप कमी उडते. पाणी सोडायला वेळ लागतो आणि चिखल होतो, एवढंच.

सॅम्पल फ्लॅटमधला दगड खरा होता की नक्कल, हे मी त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "सर, प्रीमियम आहे."

तोवर आई त्या मागच्या खोलीत शिरली होती. तिने खिडकी शोधली. वीतभर होती, आणि डक्टमध्ये उघडत होती. वर बघितलं, मग मावसभावाला हाक मारली. "अरे, चिमणी बाहेर लावलीये, त्या बेटावर. इथे तर साधा पंखा पण नाही."

मावसभावाने फ्लॅट घेतला. गृहप्रवेशाला त्या आयलंडवर वर्तमानपत्रं अंथरून केटररने मसालेभात, मठ्ठा आणि जिलबीची पातेली मांडली होती. सगळे त्याच्याभोवती फोटो काढत होते. मागच्या दाराआड भांड्यांचा आवाज येत होता आणि कुणीतरी सारखं खोकत होतं, बहुधा मिरचीच्या फोडणीने.