देवीचा वण

मेहकरच्या बाजारात पन्नाशी ओलांडलेल्यांच्या दंडावरचे वण मी नेहमी पाहतो. आपल्या भाषेत आजार झाला की ‘देवी आल्या’ आणि लस टोचली की ‘देवी काढल्या’. भारतातली पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. पुढे कित्येक दशके एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याला टोचत. त्यातून उपदंशासारखा रोगही जडू शके. म्हणून लेकरू लपवणाऱ्या आईला केवळ अंधश्रद्ध ठरवणे मला अन्यायाचे वाटते. वासरापासून काढलेल्या लसीने तो धोका टळला. १९८० मध्ये देवीचे जगातून उच्चाटन जाहीर झाले. त्या आईच्या शंकेला इंग्रजी अमदानीतल्या अहवालांनी मात्र बहुधा ‘पूर्वग्रह’च म्हटले.