पेल्यांचे मनोरे आणि घड्याळ

आज आपण एका पोरखेळाचा इतिहास बघणार आहोत. खेळ अगदी साधा. प्लॅस्टिकचे १२ पेले, ते ठरलेल्या क्रमाने रचायचे आणि लगेच उतरवायचे. याला आधी 'कप स्टॅकिंग' म्हणत, आता 'स्पोर्ट स्टॅकिंग' म्हणतात. आपला प्रश्न एवढाच, की मूल मनोरा रचतं तेव्हा त्याच्यासमोर उभं कोण असतं?

जरा मागे जाऊ. १९०७ साली मारिया मॉन्टेसरींनी रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. त्यांच्या साहित्यात एक गुलाबी मनोरा आहे. त्यात १० लाकडी ठोकळे, सर्वांत मोठा १० सेंटिमीटरचा, सर्वांत लहान १ सेंटिमीटरचा. क्रम चुकला तर तो मनोऱ्यातच दिसतो, बाईंनी बोलायची गरज पडत नाही. घाईही नाही. इथे मुलासमोर फक्त वस्तू असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हाच विचार स्थानिक, स्वस्त साहित्यातून मुलांपर्यंत नेला.

आता आपली लगोरी घ्या. तिथेही रचायचंच असतं, पण पाठीवर चेंडू कधी बसेल याचा नेम नाही. म्हणजे समोर माणसं आली. भांडण आलं, 'लागला-नाही लागला' आलं आणि त्याबरोबर न्याय-अन्यायाची पहिली ओळखही आली.

पेल्यांच्या खेळात तिसराच गडी येतो, घड्याळ. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइड इथल्या मुलांच्या क्लबात वेन गोडिनेट यांनी हा खेळ सुरू केला. १९९० साली तो जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो'मध्ये दिसला आणि घरोघरी पोचला. पुढे कोलोरॅडोतल्या बॉब फॉक्स या शिक्षकाने तो शाळांच्या व्यायाम-तासात नेला. २००१ साली नियम ठरवणारी संघटनाही झाली. पेल्यांच्या बुडाला भोकं असतात, म्हणजे हवा निघून जाते आणि पेले एकमेकांत अडकून बसत नाहीत.

यातले आकडे बघा, ३, ६ आणि १०. दोनावर एक म्हणजे तीन, तीन-दोन-एक म्हणजे सहा, चार-तीन-दोन-एक म्हणजे दहा. पायथागोरसचे अनुयायी या दहाच्या त्रिकोणाला पवित्र मानत. इथे तो आठ वर्षांच्या पोराच्या बोटांखाली क्षणभर उभा राहतो आणि मोडतो! 'सायकल' नावाचा मोठा प्रकार ३-६-३ असा सुरू होतो आणि सगळं करून पुन्हा ३-६-३ वरच येऊन थांबतो. कसलेले खेळाडू हे पाच सेकंदांच्या आत करतात. पेला पडला तर तो नीट केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि घड्याळ काही थांबत नाही.

शेवटी हाती काय उरतं? रचना तर उरतच नाही. उरतो फक्त आकडा. धोका इथेच आहे. वस्तू चूक दाखवून थांबते, लगोरीतला गडी संध्याकाळी दोस्त होतो, पण आकडा शेजारच्या मुलाच्या आकड्याशेजारी मांडता येतो. आणि तो मांडणारे बहुधा आपण मोठेच असतो. मग खेळाची परीक्षा व्हायला वेळ लागत नाही.

तरीही या खेळाला आपण नावं ठेवू नये. ज्याला धावण्यात मागे पडायची सवय झालीय, त्या मुलाला इथे बोटांच्या बळावर पुढे जाता येतं. काल नऊ सेकंद लागले, आज आठ लागले, हा आनंद खोटा कसा म्हणायचा? स्पर्धेतल्या घड्याळाची रचनाही पाहण्यासारखी आहे. मुलाने तळवे उचलले की ते सुरू होतं, दोन्ही तळवे पुन्हा टेकले की थांबतं. ते चालवायला दुसरं कुणी लागत नाही. घरी आणि शाळेतही आपण तेवढंच पाळावं. घड्याळ मुलाच्या हाताखाली राहू द्यावं, आपल्या हातात घेऊ नये.