लेक्टिन ग्राही

लेक्टिन ग्राही ही पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिने असून ती विशिष्ट शर्करा ओळखून तिच्याशी बांधली जातात. विकरांप्रमाणे ती शर्करेत रासायनिक बदल घडवीत नाहीत. ‘निवडणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून विल्यम बॉइड यांनी १९५४ मध्ये ‘लेक्टिन’ ही संज्ञा रूढ केली. रक्तातील जुनी प्रथिने दूर करणे आणि रोगजंतू ओळखणे, ही या ग्राहींची प्रमुख कार्ये होत.

यकृतातील ग्राही

रक्तातील बहुतेक प्रथिनांना शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असतात व त्यांच्या टोकाशी बहुधा सियालिक आम्ल असते. ते गळून पडले की त्याखालील गॅलॅक्टोज उघडे पडते. गिल्बर्ट ॲशवेल व ॲनाटोल मोरेल यांनी सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनावरील सियालिक आम्ल काढून ते सशांना टोचले, तेव्हा ते काही मिनिटांतच रक्तातून नाहीसे होऊन यकृतात जमा झाले. या शोधातून ॲशवेल-मोरेल ग्राही ज्ञात झाला. तो यकृतपेशींवर असतो आणि त्याला बंधनासाठी कॅल्शियम लागते. पकडलेले प्रथिन पेशीच्या आत नेले जाते. तेथील आम्लधर्मी कप्प्यात ते सुटते व पुढे त्याचे विघटन होते. ग्राही मात्र पृष्ठभागावर परततो. वय झालेल्या रक्तबिंबिकाही या मार्गाने दूर होतात.

प्रतिकारसंस्थेतील ग्राही

बृहत्भक्षक पेशींवरील मॅनोज ग्राही अनेक जीवाणू व बुरशी यांच्यावरील मॅनोज ओळखतो. डेक्टिन-१ हा ग्राही बुरशीच्या भित्तिकेतील बीटा-ग्लुकान ओळखतो व त्यासाठी त्याला कॅल्शियमची गरज नसते. काही रोगजंतू या यंत्रणेचा गैरफायदा घेतात. एचआयव्ही विषाणू वृक्षिकाकार पेशींवरील डीसी-साइन या ग्राहीला चिकटतो व त्या पेशींमार्फत टी-पेशींपर्यंत पोहोचतो. क्षयरोगाचा जीवाणूही याच ग्राहीशी बांधला जातो.

मुंबई रक्तगटाशी संबंध

डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत आढळलेल्या एका दुर्मीळ रक्तगटाची नोंद प्रसिद्ध केली. या गटाच्या लाल पेशींवर एच प्रतिजन नसतो; या प्रतिजनाच्या टोकाशी फ्युकोज ही शर्करा असते. त्याच्या तपासणीसाठी युलेक्स या काटेरी झुडपाच्या बियांतील लेक्टिन वापरतात. या गटाच्या व्यक्ती सामान्यतः निरोगी असतात. मात्र त्यांना रक्त त्याच गटाचे द्यावे लागते.

अत्यंत विरळ अशा एका आनुवंशिक विकारात पेशींमधील फ्युकोजची वाहतूकच बिघडते. अशा रुग्णांचा रक्तगटही मुंबई प्रकारचा असतो. शिवाय रक्तवाहिन्यांच्या आतील स्तरावरील सिलेक्टिन या लेक्टिन ग्राहींना पांढऱ्या पेशींवर आवश्यक शर्करा मिळत नाही. परिणामी पांढऱ्या पेशी संसर्गाच्या जागी पोहोचू शकत नाहीत आणि बालकांना वारंवार जंतुसंसर्ग होतो.

औषधोपचारातील उपयोग

गोशे रोगात बृहत्भक्षक पेशींमध्ये एका विकराची उणीव असते. मॅनोज उघडे केलेले हे विकर शिरेतून दिल्यास मॅनोज ग्राही ते त्या पेशींमध्ये घेतात. ॲशवेल-मोरेल ग्राही एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसॅमिनही ओळखतो. ही शर्करा जोडलेली आरएनए-आधारित औषधे त्यामुळे थेट यकृतपेशींत पोहोचतात. पोर्फिरियावरील गिव्होसिरान व कोलेस्टेरॉल कमी करणारे इन्क्लिसिरान ही त्यांची उदाहरणे आहेत. इन्क्लिसिरानची सुरुवातीची दोन इंजेक्शने तीन महिन्यांच्या अंतराने देतात. त्यानंतर सहा महिन्यांतून एकदा दिलेला डोस पुरतो.