विल्यम फोर्साइथ

विल्यम फोर्साइथ (जन्म : ३० डिसेंबर १९४९, न्यू यॉर्क) हे अमेरिकन नृत्यरचनाकार असून त्यांची बहुतेक कारकीर्द जर्मनीत घडली. बॅले ही पाठ करून जशीच्या तशी म्हणावयाची संहिता नसून व्याकरण असलेली भाषा आहे व त्या व्याकरणात नवी वाक्ये रचता येतात, ही त्यांच्या कार्यामागील मूळ धारणा होय. काही समीक्षकांनी त्यांच्यावर बॅलेची मोडतोड केल्याचा आरोप केला. तथापि शास्त्रोक्त पदन्यासात पूर्णपणे मुरलेल्या नर्तकांवाचून त्यांच्या बॅलेरचना सादर करता येत नाहीत, ही बाब त्या आरोपाचे बळ बरेच कमी करते.

प्रारंभ

फोर्साइथ यांनी बॅलेचे शिक्षण फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल विद्यापीठात घेतले. न्यू यॉर्कच्या जॉफ्री बॅलेशी काही काळ संबंध राहिल्यावर १९७३ मध्ये ते जर्मनीतील श्टुटगार्ट बॅलेत नर्तक म्हणून दाखल झाले. जॉन क्रँको यांनी नावारूपास आणलेल्या या संस्थेत त्यांनी १९७६ मध्ये ‘उरलिख्ट’ ही पहिली रचना केली आणि त्याच वर्षी त्यांची तेथे निवासी नृत्यरचनाकार म्हणून नेमणूक झाली.

फ्रँकफर्टमधील दोन दशके

१९८४ मध्ये ते फ्रँकफर्ट बॅलेचे संचालक झाले. त्याच वर्षीच्या ‘आर्टिफॅक्ट’ या रचनेच्या दुसऱ्या भागात बाखचे व्हायोलिनवादन चालू असता, नृत्य ऐन रंगात आलेले असताना, पडदा अचानक खाली कोसळतो. संगीत थांबत नाही. पडदा पुन्हा वर जातो तेव्हा नर्तकांची मांडणी बदललेली असते, आणि हे पुनःपुन्हा घडते. प्रथमच पाहणाऱ्यास हा यंत्रातील बिघाड वाटावा; वस्तुतः प्रेक्षकाला काय दिसावे व काय दिसू नये हेही रचनेतच येते, असे त्यातून सुचविलेले आहे.

त्यांची सर्वाधिक सादर होणारी रचना ‘इन द मिडल, समव्हॉट एलिव्हेटेड’ ही रूडॉल्फ नुरेयेव यांच्या निमंत्रणावरून पॅरिस ऑपेरा बॅलेसाठी १९८७ मध्ये सिद्ध झाली. त्या वेळी २२ वर्षांच्या असलेल्या सिल्व्ही गियेम या तिच्या पहिल्या संचात होत्या. नऊ नर्तक, जवळजवळ रिकामा रंगमंच आणि टॉम विलेम्स यांचे आघातप्रधान इलेक्ट्रॉनिक संगीत, एवढ्यावरच ती उभी आहे. कथानक नाही. भारदस्त वाटणाऱ्या शीर्षकाचा उगम मात्र गमतीदार आहे : रंगमंचाच्या मध्यभागी, काहीशा उंचीवर, दोन सोनेरी चेरी टांगलेल्या असतात. पुढे ही रचना ‘इम्प्रेसिंग द झार’ (१९८८) या मोठ्या कृतीत समाविष्ट झाली.

नृत्यविचार

रूडॉल्फ लाबान यांनी मानवी देहाभोवती एक काल्पनिक गोल मानला व देहाचा मध्य हाच त्याचा केंद्रबिंदू धरला. फोर्साइथ यांनी हे केंद्र सुटे केले. कोपर, टाच, कान वा कटी, कोठूनही हालचाल उगम पावू शकते आणि एकाच देहात अशी अनेक केंद्रे एकाच वेळी असू शकतात. कर्त्याने वाक्यारंभीच यावे असा मराठीत निर्बंध नाही, हे जाणणाऱ्या वाचकास हा विचार परका वाटू नये. खांदा, मान व कटी यांच्या परस्परविरोधी वळणाला बॅलेत ‘एपोलमाँ’ म्हणतात. फोर्साइथ यांनी हेच जुने तत्त्व टोकापर्यंत नेले. समतोल ढळण्याच्या सीमेवर उभा असलेला नर्तक ही त्यांच्या शैलीची खूण या ताणातूनच येते.

ही पद्धती नर्तकांना शिकविण्यासाठी त्यांनी कार्ल्सरूह येथील कला व माध्यम केंद्राच्या साहाय्याने एक संगणकीय पाठमाला तयार केली व ती १९९९ मध्ये सीडी-रॉमवर प्रसिद्ध झाली. तीत ते स्वतः हालचाली करून दाखवितात आणि त्यांच्या हातापायांनी हवेत ओढलेल्या अदृश्य रेषा पडद्यावर पांढऱ्या रंगात उमटतात. एरवी गुरूच्या देहाबरोबर लोप पावणारी विद्या अशी टिपून ठेवणे, हे प्रस्तुत लेखकास त्यांच्या कोणत्याही एका रचनेइतकेच मोलाचे वाटते.

संस्थेची अखेर आणि नंतर

२००२ मध्ये खर्चकपातीच्या विचारातून फ्रँकफर्ट नगरप्रशासनाने या बॅलेचा आधार काढून घेण्याचे ठरविले. जगभरातून निषेधाची पत्रे आली, तरी २००४ मध्ये संस्था बंद झाली. शहराला जागतिक कीर्ती मिळवून देणारे पथक त्याच शहराला परवडेनासे झाले. २००५ मध्ये फोर्साइथ यांनी ड्रेस्डेन व फ्रँकफर्ट या दोन शहरांच्या आधाराने लहान पथक उभारले आणि २०१५ पर्यंत चालविले. त्यातील ‘थ्री ॲटमॉस्फेरिक स्टडीज’ (२००५) ही इराक युद्धाच्या छायेतील कृती आहे. मुलाला पकडून नेल्याची हकीकत एक आई सांगू पाहते आणि भाषांतर होता होता तिचे शब्द तिचे उरत नाहीत.

२०१० मध्ये व्हेनिस बिनालेने त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला. २०२४ मध्ये जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला. दरम्यान ते शास्त्रोक्त बॅलेकडे उघडपणे परतले होते. पॅरिस ऑपेरासाठी केलेली ‘ब्लेक वर्क्स १’ (२०१६) ही रचना जेम्स ब्लेक यांच्या सात गीतांवर बांधलेली असून तिचा सूर प्रसन्न आहे. २०१८ च्या ‘अ क्वाएट ईव्हनिंग ऑफ डान्स’मध्ये पुष्कळ वेळ संगीतच नसते आणि नर्तकांना एकमेकांच्या श्वासांवरून लय धरावी लागते.