पडलेल्या सिनेमाचं पुढे काय झालं

१५ ऑगस्ट २००८ रोजी अमेरिकेत 'स्टार वॉर्स : द क्लोन वॉर्स' हा अ‍ॅनिमेशनपट प्रदर्शित झाला आणि समीक्षकांनी त्याला झोडपून काढलं. पहिल्या शनिवार-रविवारी तो तिसऱ्या क्रमांकावर राहिला. महिनाभर जुना 'द डार्क नाइट'सुद्धा त्याच्या पुढे होता. मी तो बऱ्याच वर्षांनी, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, लॅपटॉपवर पाहिला. मलाही आवडला नाही. तरी त्याच्याबद्दल लिहितोय, कारण एखादी कलाकृती जगते की मरते हे तिच्या दर्जावर ठरतं, हा माझा समज या सिनेमाच्या इतिहासाने मोडला.

मुळात हा सिनेमा म्हणून बनलाच नव्हता. जॉर्ज लुकसने एका टीव्ही मालिकेचं काम सुरू केलं होतं. दिग्दर्शक होता डेव्ह फिलोनी. त्याचा हा पहिलाच सिनेमा. तयार झालेले भाग मोठ्या पडद्यावर पाहून लुकसला वाटलं की हे चित्रपटगृहात दाखवता येईल. मग सुरुवातीचे भाग जोडून सिनेमा झाला, आणि ते जोड दिसतात. आधी एक लढाई, मग जबा द हटच्या अपहृत पोराची सुटका, मग आणखी एक लढाई. अ‍ॅनाकिनला अहसोका नावाची किशोरवयीन शिष्या मिळते. पण २००५च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'मध्ये तिचा मागमूस नाही. म्हणजे ही मुलगी पुढे कुठेतरी नाहीशी होणार, हे प्रेक्षकाला आधीच माहीत. अनेक जुन्या चाहत्यांना ती आगाऊ वाटली.

खर्च सुमारे ८५ लाख डॉलर. त्याच उन्हाळ्यात आलेल्या पिक्सारच्या 'वॉल-ई'चा खर्च होता सुमारे १८ कोटी. एवढ्या कमी पैशांत युद्ध कसं दाखवायचं? इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. संगणकावर प्रत्येक नवं पात्र घडवायला वेळ आणि पैसा लागतो. पण क्लोन सैनिक सगळे एकाच माणसाच्या प्रती. एक मॉडेल बनवा आणि हवं तितक्या वेळा वापरा. समोरचे शत्रूही एकसारखे यंत्रमानव. कमी खर्चाच्या अ‍ॅनिमेशनला याहून सोयीचं युद्ध सापडलं नसतं. सिनेमात ही सोय सोयच राहते. सैनिक येतात, पडतात, कोणाचंच काही वाटत नाही.

३ ऑक्टोबर २००८ला कार्टून नेटवर्कवर मालिका सुरू झाली. सिनेमा पडूनही ती थांबली नाही, याचं कारण कोणाचा दिलदारपणा नव्हे. पुढचे भाग आधीच तयार होत होते आणि खर्च लुकसच्या स्वतःच्या कंपनीचा होता. ज्याने थांबवायचं, त्यालाच ते करायचं होतं.

मिळालेल्या या वेळात त्या एकसारख्या चेहऱ्यांचं काहीतरी होऊ लागलं. एकाने केस वेगळे कापले, दुसऱ्याने चेहऱ्यावर गोंदवून घेतलं, तिसऱ्याने शिरस्त्राणावर रंग दिला. सगळ्यांना आवाज एकाच नटाचा, डी ब्रॅडली बेकरचा, तरी रेक्स कोण आणि फाइव्ह्ज कोण हे डोळे मिटूनही कळायला लागतं. चौथ्या पर्वातल्या उंबारा ग्रहावरच्या भागांत एक सेनापती या सैनिकांना निव्वळ आकडे समजून मरायला पाठवतो, आणि आपण अस्वस्थ होतो. युद्धासाठी पैदा केलेल्या माणसाला नाही म्हणायचा हक्क आहे का, हा प्रश्न मालिकेच्या केंद्रस्थानी आला. अहसोकाही वाढली. पाचव्या पर्वाच्या शेवटी खोट्या आरोपातून सुटल्यावर, परत बोलावणाऱ्या जेडाय संघाकडे तिने पाठ फिरवली. ती 'कुठे गेली' याचं उत्तर मिळालं.

तो भाग मार्च २०१३चा. त्याआधी काही महिने, ऑक्टोबर २०१२मध्ये, डिस्नेने लुकसफिल्म सुमारे ४०५ कोटी डॉलरना विकत घेण्याची घोषणा केली होती. आणि आता, १०८ भागांनंतर, मालिका बहरात असताना कार्टून नेटवर्कवरचं प्रसारण संपलं. काही कथा अर्ध्यावर राहिल्या.

हे दोन निर्णय मी शेजारी ठेवून पाहतो. २००८मध्ये वाईट सिनेमा जगला, २०१३मध्ये चांगली मालिका थांबली. दोन्ही वेळा दर्जाने काही ठरवलं नाही. ठरवलं ते मालकाने. पुढे २०१४मध्ये नेटफ्लिक्सवर १३ भाग आले आणि चाहत्यांच्या सततच्या मागणीनंतर २०२०मध्ये डिस्ने प्लसवर शेवटचे १२. चाहत्यांचा आवाज खरा होता, पण नव्या ओटीटी सेवेला तेव्हा ओळखीची नावं हवी होती हेही खरं. २०२३मध्ये अहसोकाच्या नावाने स्वतंत्र मालिका निघाली, आणि त्याच वर्षी फिलोनी लुकसफिल्मचा मुख्य सर्जनशील अधिकारी झाला.

अलीकडे मी तो सिनेमा पुन्हा पाहिला. अजूनही तो वाईटच आहे. फक्त या वेळी, पहिल्या लढाईत मागच्या रांगेतला एक सैनिक पडला तेव्हा मी थांबून त्याच्या शिरस्त्राणावर काही खूण आहे का ते शोधलं. नव्हती. त्याला अजून नाव मिळायचं होतं.