नाचणीची भाकरी आणि खोताचा वाटा

फोंडाघाटात आमच्या घरी भात सणावारी शिजे. एरवी नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी. शाळेत मधल्या सुट्टीत मी भिंतीकडे तोंड करून खात असे. भाकरीचा काळा रंग आपली जात सांगतो, अशी धास्ती होती. आजीला हे कळले तेव्हा ती म्हणाली, "भात आमी पिकवताव, मगे लाज तुका कित्याक?"

या प्रश्नाचे उत्तर खोतीच्या इतिहासात आहे. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत बसलेला होता. भाताच्या पिकाचा सर्वसाधारणपणे निम्मा वाटा त्याचा, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीचा तिसरा. भाताला बाजार होता. वाटा देऊन उरलेला भातही देणे फेडण्यात जाई. चुलीपाशी पोचे ती नाचणी. म्हणजे आमच्या ताटातला काळा रंग आवडीनिवडीने आलेला नव्हता, तो वाटणीने आलेला होता.

बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्यात कोकणातली कुळे होती. कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. पण ज्यांचे नाव कूळ म्हणूनही कागदावर नव्हते, ते मजूरच राहिले.

हे दुःख एकट्या कोकणाचे नाही. उत्तर चीनमध्ये गव्हाच्या पांढऱ्या पिठाचा वाफवलेला 'मान्तोऊ' सुखवस्तूंचा आणि मक्याचा पिवळा 'वोतोऊ' गरिबांचा. मका तिथे सोळाव्या शतकात पोचला. त्याच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, ते फुगत नाही; म्हणून शंकूसारख्या गोळ्याला खालून अंगठ्याने पोकळी करतात, वाफ आतपर्यंत जाते. नाचणीचेही तेच. आमच्या बाया पिठाची उकड काढतात, मळतात, मग थापतात. हे शास्त्र गरिबांच्या चुलीवर घडले, त्याची नोंद कुणी ठेवली नाही. नोंद राहिली ती राणीची! १९०० साली पेकिंगहून पळालेल्या त्स-शी राणीला वाटेत वोतोऊ गोड लागला, आणि पुढे राजवाड्यात तो बारीक पिठाचा, साखर घालून होऊ लागला, अशी दंतकथा आहे.

आपल्याकडेही तसेच झाले. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे भरडधान्य वर्ष ठरले, नाचणी 'श्रीअन्न' झाली. आमच्या घरी आता रेशनचा तांदूळ रोज शिजतो. नाचणी दुकानातून विकत आणावी लागते.